मंदीत व्यवस्थापनाची पदवी घ्यावी काय?



व्यवस्थापनाच्या पदवीवर बोलायला कामगार संघटनेचा माणूस बोलवावा, ही चालकांची कल्पना ऐकून आमच्या युनियनच्या कचेरीत थोडी हसाहस झाली. आमचे शाळेतले शिक्षण दहावीपर्यंतचे. पुढचे सारे यंत्रापाशी, सार्वजनिक वाचनालयात आणि लेबर कोर्टाच्या बाकावर झाले. ज्यांच्यासमोर टेबलाच्या अलीकडे बसून आम्ही तीस वर्षे वाटाघाटी केल्या, त्या पलीकडल्या मंडळींची ही पदवी. पण विचार करता असे वाटले, की चालकांनी माणूस अगदीच भलता निवडलेला नाही. बाजार थंडावला म्हणजे आमच्या कचेरीत दोन तऱ्हेचे लोक येतात. एक कपातीची नोटीस घेऊन येतात. दुसरे कॉलेजचे माहितीपत्रक घेऊन येतात. बाप विचारतो, "पोरीला एम.बी.ए.ला घालू का? नाहीतरी सध्या नोकऱ्या कुठे आहेत?" पोरगा विचारतो, "नोकरी टिकेल असे दिसत नाही. दोन वर्षे शिकून घेऊ का?" नोटिशीचे काय करायचे ते कायद्याच्या पुस्तकात सापडते. माहितीपत्रकाचे काय करायचे ते कोणत्याच पुस्तकात नाही. म्हणून आज त्याविषयी बोलावयाचे आहे.

प्रथम मंदी म्हणजे काय ते कारखान्याच्या दारातून पाहू. 2019 साली मोटारधंद्यात मंदी आली. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये देशातली प्रवासी मोटारींची विक्री आदल्या वर्षाच्या ऑगस्टपेक्षा सुमारे 31 टक्क्यांनी घसरली. पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण या पट्ट्यात मोठ्या कारखान्याला शिंक आली की सुटे भाग करणाऱ्या शेकडो वर्कशॉपांना ताप भरतो. तिसरी पाळी बंद होते, मग दुसरी; मग आठवड्यातले दोन दिवस उत्पादन बंद. या काळात माणसे कमी कशी होतात, याचा एक ठरलेला क्रम आहे. तो आम्ही चार वेळा पाहिला: शतकाच्या आरंभीच्या स्वेच्छानिवृत्तीच्या लाटेत, 2008-09 मध्ये, 2019 मध्ये आणि टाळेबंदीच्या 2020 मध्ये. आधी कंत्राटी कामगार जातो. मग शिकाऊ मुलगा जातो. मग ज्याची नोकरी अजून पक्की झालेली नाही तो जातो. कायम कामगाराकडे मालक सर्वांत शेवटी वळतो, कारण त्याला काढायला नोटीस द्यावी लागते, भरपाई द्यावी लागते, आणि आमच्यासारख्यांशी भांडावे लागते.

पण या सगळ्यांच्याही आधी एक कपात होऊन गेलेली असते आणि तिचा कोठे आवाज होत नाही. ती म्हणजे नवी भरती थांबवणे. जो अजून आत आलेलाच नाही, त्याला न घेण्यास पैसा लागत नाही, नोटीस लागत नाही. त्याच्या वतीने कोणी घोषणा देत नाही. मालक कितीही दयाळू असो की कठोर, तो हेच आधी करतो. आता ज्या तरुणाची नोकरी आज चालू आहे, तो ती सोडून कॉलेजात जातो, तेव्हा तो त्या सर्वांत स्वस्तात नाकारता येणाऱ्या रांगेत आपण होऊन जाऊन उभा राहतो. दोन वर्षांनी दार उघडे असेल, या भरवशावर तो राहतो. भरवसा वाईट असे आम्ही म्हणत नाही. पण तो भरवसा आहे, एवढे त्याने ओळखून असावे.

याच्या उलट बाजूचा युक्तिवाद आम्ही पुष्कळ ऐकला आहे, आणि तो पोरकट नाही. अर्थशास्त्राची मंडळी म्हणतात, की शिक्षणाचा खर्च म्हणजे केवळ फी नव्हे. त्या दोन वर्षांत बुडालेला पगार हाही खर्चच. मंदीत पगार वाढत नाही, बढती होत नाही, ओव्हरटाइम बंद असतो. तेव्हा बुडणारा पगार थोडका. म्हणून शिकायचे तर मंदीतच शिकावे. हा हिशेब ज्याची नोकरी आधीच गेली आहे त्याला बरोबर लागू पडतो. त्याचे बुडायचे ते बुडालेच आहे. ज्याची नोकरी चालू आहे, त्याला तो निम्माच लागू पडतो. कारण चांगल्या काळात सोडलेली नोकरी पुन्हा मिळते, वाईट काळात सोडलेली मिळत नाही. शिवाय हा हिशेब एकट्यालाच सुचतो असे नाही. 2008 नंतर आणि 2020 मध्येही व्यवस्थापनाच्या शाळांकडे जगभर अर्जांची गर्दी झाली. आमच्याकडे पाऊस आला म्हणजे सगळेच बसथांब्याच्या छपराखाली शिरतात, तसे हे. छपराखाली दाटी होते, आणि पाऊस थांबला की सगळे एकदम एकाच बसकडे धावतात.

आता पाऊस थांबणार केव्हा, हे कोणी सांगावे? जुनी सालेच पाहा. जो 2007 च्या उन्हाळ्यात, बाजार तेजीत असताना, दोन वर्षांच्या शिक्षणाला बसला, तो 2009 साली बाहेर पडला. मधल्या काळात, सप्टेंबर 2008 मध्ये, अमेरिकेतली लेहमन ब्रदर्स ही पेढी बुडाली होती, आणि तिच्या पाठोपाठ नोकऱ्यांचा बाजार बसला होता. जो 2009 मध्ये घाबरून आत शिरला, तो 2011 मध्ये बऱ्या बाजारात बाहेर आला. जो 2018 मध्ये नीट विचार करून शिरला, तो मार्च 2020 च्या टाळेबंदीत सापडला. त्यानंतरच्या तिमाहीत देशाचे उत्पन्न पहिल्या अंदाजानुसार जवळजवळ 24 टक्क्यांनी आक्रसले. शहाण्याला फटका बसला आणि भित्र्याला लाभ झाला. यावरून भित्रे व्हावे असा धडा निघत नाही. आत शिरतानाचा बाजार पाहून बाहेर पडतानाचा बाजार कळत नाही, एवढाच निघतो.

आणि बाहेर पडतानाचा बाजार मोठा महत्त्वाचा असतो. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या पॉल ओयर या अर्थशास्त्रज्ञांनी तिथल्याच एम.बी.ए. झालेल्यांचा अभ्यास करून 2008 साली एक निबंध छापला. शेअरबाजार तेजीत असताना जे बाहेर पडले ते मोठ्या पगाराच्या वित्त-धंद्यात अधिक शिरले आणि पुढेही तिथेच राहिले. बाजार पडलेला असताना जे बाहेर पडले त्यांना ते दार पुढेही फारसे उघडले नाही. बुद्धी तीच, शाळा तीच, फरक फक्त सालाचा. अलीकडचे पाहायचे तर हार्वर्डसारख्या जगन्मान्य शाळेतून 2024 मध्ये एम.बी.ए. होऊन नोकरी शोधणाऱ्यांपैकी सुमारे 23 टक्के तीन महिन्यांनंतरही नोकरीविना होते. हे हार्वर्डचे. मग आपल्याकडच्या गल्लीतल्या कॉलेजाचे माहितीपत्रक शंभर टक्के नोकरीची हमी देते, तेव्हा ते कोणत्या शाईने छापले असेल याचा विचार करावा.

माहितीपत्रकाचा विषय निघालाच आहे, तर एक गोष्ट सांगून टाकतो. त्यात 'सरासरी पगार' असा आकडा असतो. सरासरीचा हा खेळ आम्हा कामगारांना फार जुना आहे. करार करायला बसले की कंपनी सांगते, आमच्या येथे सरासरी पगार अमुक हजार आहे. आम्ही विचारतो, यात जनरल मॅनेजरसाहेबांचा पगार धरला आहे काय? बहुधा धरलेला असतो. दहा मुलांपैकी एकाला चाळीस लाख मिळाले, आणि नऊ जणांना चार-चार लाख, तर सरासरी सात लाख साठ हजार निघते. पण त्या वर्गात सात लाख साठ हजार मिळालेला एकही मुलगा नसतो. म्हणून कॉलेजात विचारायचे ते असे: सगळ्या मुलांना पगाराप्रमाणे ओळीने उभे केले तर मधल्याला किती मिळाले? किती जणांना काहीच मिळाले नाही? आणि हे आकडे तेजीच्या वर्षाचे न सांगता 2020 चे सांगा. जे कॉलेज 2020 चा आकडा सरळ सांगते, ते विश्वासाला पात्र समजावे.

आता घराचा हिशेब मांडू. अहमदाबादच्या संस्थेसारख्या नावाजलेल्या ठिकाणी दोन वर्षांची फी आज पंचवीस लाखांच्या आसपास आहे. तिथल्या मुलाला ती बहुधा झेपते, कारण त्याच्या दारी कंपन्या येतात. आपला प्रश्न मधल्या कॉलेजांचा. समजा, फी आणि राहणे मिळून दहा लाखांचे कर्ज काढले, पहिल्या वर्षी पाच आणि दुसऱ्या वर्षी पाच. व्याज दरसाल 11 टक्के. बँक शिक्षण चालू असताना आणि नंतर वर्षभर हप्ता मागत नाही. ही सवलत खरी आहे. परंतु व्याज या काळातही चढतच असते. सरळ व्याजाने पहिल्या पाच लाखांवर तीन वर्षांचे एक लाख पासष्ट हजार, दुसऱ्या पाच लाखांवर दोन वर्षांचे एक लाख दहा हजार. म्हणजे पहिला हप्ता भरायच्या दिवशी कर्ज पावणेतेरा लाख झालेले असते. ते सात वर्षांत फेडायचे तर महिना सुमारे 21,800 रुपये. शिवाय ज्याने पंचवीस हजारांची नोकरी सोडली, त्याचे दोन वर्षांचे सहा लाख बुडाले ते वेगळेच. आता मधल्या मुलाला महिना तीस-पस्तीस हजारांची नोकरी लागली असे धरा. पुण्या-मुंबईत खोलीचे भाडे, खाणावळ, प्रवास, आणि वर 21,800. तेव्हा हप्ता कोण भरतो? बाप भरतो; निवृत्तीनंतरच्या पैशातून भरतो.

हे आम्ही पुस्तकातून सांगत नाही. शतकाच्या आरंभी या औद्योगिक पट्ट्यात स्वेच्छानिवृत्तीच्या योजना आल्या. पन्नाशीच्या आतबाहेरच्या माणसांनी आयुष्यात न पाहिलेल्या रकमेचे चेक हातात घेतले. त्या पैशाचे कोणी रिक्षा घेतल्या, कोणी गावाकडे घर बांधले, आणि पुष्कळांनी मुलांच्या कॉलेजाच्या खिडकीत भरले. काहींची मुले पुढे गेली. आम्ही त्यांचे पेढे खाल्ले आहेत. काहींचे कॉलेजच पुढे बंद पडले. 2010 नंतरच्या दशकात देशात कितीतरी व्यवस्थापन महाविद्यालये विद्यार्थी न मिळाल्यामुळे बंद झाली. कारखाना बंद पडला तर कामगाराला निदान देणी मागता येतात. बंद पडलेल्या कॉलेजाच्या पदवीधराने कोणाकडे काय मागावे?

येथे कायद्याचा एक मुद्दा लक्षात आणून देणे आमचे कर्तव्य आहे, कारण तो माहितीपत्रकात कधीच नसतो. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात 'कामगार' या शब्दाच्या व्याख्येतून व्यवस्थापकीय काम करणारे वगळले होते. तो कायदा जाऊन नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता अमलात आली. तिनेही त्यांना वगळले, आणि महिना अठरा हजारांवर पगार असलेल्या पर्यवेक्षकालाही वगळले. कामगाराची कपात केली तर एक महिन्याची नोटीस आणि दर पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, हे संरक्षण आहे. नव्या संहितेत आणखी एक तरतूद आहे: कपात झालेल्या प्रत्येक कामगारासाठी मालकाने पंधरा दिवसांच्या पगाराएवढी रक्कम पुनर्कौशल्य निधीत भरायची, आणि ती पंचेचाळीस दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हायची. रक्कम तुटपुंजी आहे, हे आम्ही भांडून सांगत आहोत. पण नोकरी गेलेल्याने शिकावे आणि त्याचा थोडा भार मालकाने उचलावा, हे तत्त्व त्यात मान्य झाले आहे. मॅनेजरला यातले काही नाही. त्याच्या हाती असते ते नेमणुकीचे पत्र, आणि त्यातल्या अटी. तेव्हा पदवी घेऊन वर जाणारा मुलगा पगाराने वर जातो आणि त्याच वेळी कायद्याच्या छत्रीबाहेर पडतो. मंदीच्या भीतीने पदवी घेणाऱ्याने हे आधी जाणून घ्यावे.

इतके ऐकून कोणी म्हणेल, की युनियनवाल्याला ही विद्याच नको आहे. तसे मुळीच नाही. ही विद्या आम्हाला हवी होती आणि ती आम्ही आमच्या गरजेपुरती मिळवली. 1965 च्या बोनस कायद्याखाली कामगाराला निदान 8.33 टक्के आणि फार तर 20 टक्के बोनस मिळे. यांमधला आकडा कोणता, ते कंपनीच्या ताळेबंदावरून ठरे. घसारा किती धरला, राखीव निधीत किती ढकलले, नफा कोठे दडला, हे वाचता आल्याशिवाय भांडता येत नसे. म्हणून आम्ही पाळी संपल्यावर ताळेबंद वाचायला शिकलो. एका निवृत्त हिशेबनिसाने आम्हा सहा जणांना चहाच्या कपावर शिकवले. त्या विद्येने आम्हाला फार दिले. तिच्यावर मालकाची मक्तेदारी नाही, हे दाखवायला इतिहासही आहे. जमशेदपूरची झेवियर संस्था आज व्यवस्थापनाची नामांकित शाळा आहे. ती 1949 साली निघाली तेव्हा तिच्या नावातच 'लेबर रिलेशन्स' हे शब्द होते. कलकत्ता आणि अहमदाबाद येथल्या सरकारी व्यवस्थापन संस्था 1961 साली निघाल्या, त्या नव्या स्वतंत्र देशाला कारखाने चालवणारी माणसे हवीत म्हणून. मंदीत तरुणांना निवारा द्यावा, हा त्यांचा हेतू नव्हता.

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. मंदी हे पदवी घेण्याचे कारण होऊ शकत नाही, आणि न घेण्याचेही होऊ शकत नाही. मंदी नसती तरी तुम्ही ही पदवी घेतली असती काय, हा प्रश्न स्वतःला विचारा. जी मुलगी चार वर्षे खरेदी-विभागात काम करून म्हणते, की मला आता सबंध पुरवठ्याचा कारभार कळला पाहिजे, तिचे उत्तर 'हो' आहे. तिने मंदीला भिऊन थांबू नये. जो मुलगा म्हणतो, की काय करावे सुचत नाही, तोवर एम.बी.ए. करतो, त्याचे उत्तर 'नाही' आहे; त्याला दोन वर्षांनीही सुचणार नाही, आणि पहिला हप्ता भरायच्या दिवशी पावणेतेरा लाखांचे कर्ज मात्र झालेले असेल.

आणि 'हो' असेल, तरी नोकरी सोडलीच पाहिजे असे नाही. मुंबईच्या जमनालाल बजाज संस्थेत नोकरदारांसाठी तीन वर्षांचे संध्याकाळचे अभ्यासक्रम वर्षानुवर्षे चालत आले आहेत. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 पासून आहे, इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ 1985 पासून. दोन्हीकडे व्यवस्थापनाचे शिक्षण पोस्टाने आणि आता घरच्या संगणकावरून घेता येते. आमच्या ओळखीच्या कित्येक क्लार्कांनी कामगार कायदा आणि कामगार कल्याण यांची पदविका संध्याकाळी करून कारखान्यातच वरची जागा मिळवली. अशा पदवीचा दिमाख कमी, हे खरे. पण तिच्यात पगार चालू राहतो, आणि सकाळी शिकलेले दुपारी कामावर ताडून पाहता येते.

पूर्णवेळच जायचे ठरले, तर प्रवेश सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून घ्या. मॅनेजमेंट कोट्याच्या खिडकीशी जाऊ नका. याला रोकडे कारण आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलांची निम्मी फी देणारी, ती याच मार्गाने आलेल्यांना मिळते. आणि 2024 पासून या उत्पन्न-मर्यादेतल्या, आर्थिकदृष्ट्या मागास, इतर मागासवर्गीय आणि सामाजिक-शैक्षणिक मागास वर्गातल्या मुलींची व्यावसायिक शिक्षणाची फी राज्य सरकारने पूर्ण माफ केली आहे. ही गोष्ट कामगार वस्तीतल्या किती घरांना ठाऊक आहे? आम्ही कचेरीत विचारले, तेव्हा दहातल्या दोघांनी हात वर केला. ज्या बापाला मुलीची फी माफ होते हे माहीत नाही, तो मुलाच्या कोट्यासाठी कर्ज काढतो आणि मुलीला घरी बसवतो. यात मंदीचा दोष नाही.

शेवटची गोष्ट आयांना आणि बापांना सांगायची आहे. मुलाच्या शिक्षणासाठी पोटाला चिमटा घ्या. आम्ही त्याला कधी नको म्हणणार नाही. पण तीन गोष्टींना हात लावू नका: राहते घर, म्हाताऱ्या माणसांच्या औषधाचा पैसा आणि धाकट्या मुलीच्या शाळेची फी. या तिन्ही शाबूत ठेवून जेवढे कर्ज काढता येते, तेवढीच त्या घराची ऐपत. मुलाला ती ऐपत आकड्यात सांगा. तो बावीस वर्षांचा आहे, त्याला कळते. पुष्कळ बाप मुलापुढे आकडा बोलायला लाजतात, आणि मग मुलगा घराच्या खिशाची खोली न कळता कॉलेज निवडतो.

आमची कचेरी दर शनिवारी संध्याकाळी उघडी असते. नोटीस घेऊन या, तसे माहितीपत्रकही घेऊन या. दोन्ही आपण चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचू.